ऊन, तूस आणि टाकी: सोलापुरात टिकतील असे हालचाल, चुंबक आणि दाबाचे सेन्सर कसे बसवायचे

सेन्सर विकत घेताना बहुतेकजण एवढंच विचारतात की हा मोजतो काय. सोलापुरात त्याच्याही आधी विचारायला हवं की हा जिथे बसणार आहे, तिथे त्याला त्रास कशाचा होणार. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत कापसाचं तूस. आणि नळाला पाणी रोज येत नसल्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती उरलंय, याची घरातल्या प्रत्येकाला काळजी. खालच्या तीन जोडण्या याच तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून मांडल्या आहेत: जिन्यातला दिवा, मागाचे पिक (म्हणजे धोट्याच्या फेका) मोजणारा काउंटर आणि टाकीची पातळी. ब्रेडबोर्डवर एखादा एलईडी लुकलुकवून झाला असेल, तर यातलं सगळं तुम्हाला जमेल.

सुरुवातीचं सामान आणि व्होल्टचा घोळ

आर्डुइनो नॅनो किंवा ईएसपी३२ (दोन्ही प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या पाट्या), मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान, १ ते १० किलोओहमचे काही रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा बऱ्यापैकी चार्जर, एवढ्यावर काम सुरू होतं. जुन्या मोबाइलचा चार्जर चालतो. पण रस्त्यावरच्या अगदी स्वस्त चार्जरचा पुरवठा इतका थरथरतो, की सेन्सर बिघडलाय असं वाटत राहतं.

नॅनो ५ व्होल्टवर बोलतो, ईएसपी३२ मात्र ३.३ व्होल्टवर. ईएसपी३२ च्या पिनेला ५ व्होल्ट दिले तर ती जळू शकते. बीएमपी२८० या हवेच्या दाबाच्या सेन्सरची सहा पिनांची छोटी पाटी मिळते, तिच्यावर रेग्युलेटर नसतो, म्हणून तिला ५ व्होल्ट देणं म्हणजे सेन्सर मारणं. कुठलंही मॉड्यूल जोडण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: त्याला पुरवठा किती लागतो आणि त्याच्या आउटपुटला किती व्होल्ट येतात. या कंटाळवाण्या कामात पाच मिनिटं जातात, आणि बहुतेक जळालेली मॉड्यूल्स याच पाच मिनिटांच्या आळसाने गेलेली असतात.

जिन्यातला दिवा: पीआयआर

पीआयआर म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर. त्याचं एचसी-एसआर५०१ हे पांढऱ्या घुमटाचं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. घुमटाखाली पायरोइलेक्ट्रिक (उष्णता बदलली की वीज तयार करणाऱ्या) पदार्थाचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली की ते एकमेकांना रद्द करतात. माणूस समोरून गेला की त्याच्या अंगाची अवरक्त किरणं आधी एका तुकड्यावर पडतात, मग दुसऱ्यावर, आणि तो फरक म्हणजे सिग्नल. घुमटावरच्या चौकटी म्हणजे छोट्या फ्रेनेल भिंगांची जाळी. समोरची जागा तिच्यामुळे पट्ट्यांमध्ये विभागली जाते. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. सेन्सर आडव्या चालीला चटकन ओळखतो, सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. आणि तो उष्णता मोजत नाही, उष्णतेतला फरक मोजतो.

आता सोलापूरचा उन्हाळा घ्या. माणसाच्या त्वचेचं आणि कपड्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३२ ते ३६ अंश. जानेवारीत भिंत वीस-बावीस अंशांवर असते, तेव्हा माणूस सेन्सरला ठळक दिसतो. मे महिन्यात भर दुपारी पत्रा आणि भिंत चाळिशीच्या पुढे गेली तरी सेन्सर पूर्ण आंधळा होत नाही, कारण आता माणूस भिंतीपेक्षा थंड दिसतो आणि फरक तर उरतोच. खरी अडचण येते ती संध्याकाळी. तापलेली भिंत निवत निवत ३४-३५ अंशांवर येते. त्या तासा-दोन तासांत माणूस आणि भिंत सेन्सरला जवळपास सारखीच. नेमकी तीच दिवा लागायची वेळ! हिवाळ्यात बसवलेलं आणि छान चाललेलं पीआयआर एप्रिलच्या संध्याकाळी 'खराब' होतं, ते यामुळे. मॉड्यूल बदलून काहीच फरक पडत नाही.

म्हणून बसवताना असं करा:

१. पुरवठा ५ व्होल्ट द्या (हे मॉड्यूल ४.५ ते २० व्होल्टवर चालतं). आउटपुटला ३.३ व्होल्टच येतात, त्यामुळे ते नॅनो आणि ईएसपी३२ या दोघांनाही थेट जोडता येतं.

२. पुरवठा दिल्यावर पहिलं मिनिटभर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. आतला भाग स्थिरावेपर्यंत ते उगाच चालू-बंद होतं. प्रोग्राममध्येही सुरुवातीला साठ सेकंद थांबा.

३. मागे दोन पॉट (फिरवून बदलायचे रेझिस्टर) असतात, एक पल्ल्याचा आणि एक वेळेचा. कुठला कोणता ते छापलेलं नसेल तर एक पूर्ण डावीकडे फिरवा आणि हात हलवून बघा. आउटपुट चार-पाच सेकंदांत बंद झालं तर तो वेळेचा. तो कमीत कमीवरच ठेवा. दिवा किती वेळ चालू ठेवायचा ते प्रोग्रामने ठरवावं, पॉटने नाही.

४. जंपर 'एच' बाजूला ठेवा. म्हणजे माणूस हलत असेपर्यंत आउटपुट टिकून राहतं.

५. सेन्सर जिन्याच्या बाजूच्या भिंतीवर बसवा, म्हणजे माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. पार्श्वभूमीला पश्चिमेची भिंत किंवा उघडा पत्रा नको, सावलीतली भिंत हवी. कूलरचा झोत घुमटावर येऊ देऊ नका. आणि पालीचा बंदोबस्त करा. घुमटावरून गेलेली पाल सेन्सरच्या हिशेबाने हत्ती असते.

६. उन्हाळ्यासाठी पल्ल्याची अपेक्षा कमी ठेवा. कागदावर सात मीटर लिहिलेले असतात. संध्याकाळच्या चाचणीत तीन मीटर मिळाले तरी समाधान माना, आणि चाचणी संध्याकाळी सात वाजताच घ्या.

एवढ्यानेही भागत नसेल, तर आरसीडब्ल्यूएल-०५१६ हे छोटं रडार मॉड्यूल घ्या. ते तीन गिगाहर्ट्झच्या थोड्या वरच्या लहरी सोडतं आणि हलत्या वस्तूवरून परत आलेल्या लहरीतला बदल ओळखतं. उन्हाचा त्याला काही फरक पडत नाही. पुरवठा ४ ते २८ व्होल्ट, आउटपुट ३.३ व्होल्ट. त्याच्या खोड्या मात्र वेगळ्या. प्लास्टिक, लाकूड, पातळ भिंत यांच्या पलीकडचंही त्याला दिसतं, म्हणजे शेजारी उठून पाणी प्यायले तरी तुमचा दिवा लागेल. धातूवरून लहरी परततात, म्हणून पत्र्याच्या छपराखाली त्याचा पल्ला विचित्र वाकतो. ईएसपी३२ चा वायफाय अँटेना त्याच्या अगदी जवळ असेल तर ते उगाच पेटतं. दोघांत वीतभर तरी अंतर ठेवा. आणि पाटीच्या मागेपुढे सेंटीमीटरभर जागा मोकळी सोडा.

माझा कल असा: घराच्या आतल्या जिन्यात रडार, उघड्या पडवीत पीआयआर. दोन्ही एकत्र लावून 'दोघांनी हो म्हटलं तरच दिवा' अशी अट घातली की खोटे इशारे कमी होतात, पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी पीआयआरच गप्प बसतं आणि अख्खी जोडणी गप्प होते. दिव्यासाठी ही अट नको. चोरासाठीच्या भोंग्याला ठीक.

मागाचे पिक मोजणं: हॉल सेन्सर

साध्या यंत्रमागावर क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, म्हणजेच धोट्याची एक फेक. फेरे मोजले की पिक मोजले. हे काम प्रकाशाच्या सेन्सरने करायचा मोह होतो, कारण ते स्वस्त आणि सोपे. पण टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये त्यांच्या डोळ्यावर तुसाचा थर बसतो आणि काही दिवसांतच मोजणी गळायला लागते. चुंबकाला तूस दिसतच नाही. शेडमध्ये चुंबकच लावा, यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

चुंबकाने चालणारे दोन सोपे पर्याय आहेत. रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीत बंद केलेल्या लोखंडाच्या दोन पात्या. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात. त्याला पुरवठा लागत नाही, म्हणून दार-खिडकीच्या अलार्मसाठी तो उत्तम. मागासाठी मात्र मी तो घेणार नाही. मिनिटाला १२० पिक धरले तर आठ तासांत ५७,६०० वेळा पात्या आपटणार, वर्षाच्या तीनशे पाळ्यांत पावणेदोन कोटींच्या घरात. शिवाय मागाचे हादरे, आणि काचेची नळी. पाय वाकवताना जरा चुकलं तरी ती तडकते.

दुसरा पर्याय हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवलं की वीज वाहत असलेल्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र लावलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये थोडा व्होल्ट तयार होतो. ए३१४४ या तीन पायांच्या चिपमध्ये तोच व्होल्ट वाढवून चालू-बंद स्विच केलेला असतो. हलणारा भाग नाही, झिजायला काही नाही. मूळ कंपनीने तो बनवणं कधीच थांबवलंय. बाजारात मिळतात त्या नकला, पण या कामाला त्या पुरतात.

जोडणी अशी. अक्षरं छापलेली बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून पहिला पाय पुरवठा, मधला ग्राउंड, तिसरा आउटपुट. पुरवठा ५ व्होल्ट. आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे चिप फक्त खाली ओढते, वर ढकलत नाही. वर नेण्यासाठी तुम्हीच पुलअप रेझिस्टर लावायचा. हे विसरलं तर काउंटर भूत लागल्यासारखा वाटेल ते आकडे दाखवतो. टेबलावर १० किलोओहम चालतो. शेडमध्ये चार-पाच मीटर तार असेल तर ४.७ किलोओहम लावा. ओपन कलेक्टरचा एक फायदाही आहे: सेन्सरला ५ व्होल्ट देऊन पुलअप ३.३ व्होल्टला बांधला, की तोच सेन्सर ईएसपी३२ ला सुरक्षित जोडता येतो.

ए३१४४ ला छापील बाजूसमोर चुंबकाचा दक्षिण ध्रुवच लागतो. दक्षिण कुठला ते होकायंत्राने ठरवा: सुईचं उत्तर टोक चुंबकाच्या ज्या बाजूला धावतं ती दक्षिण. होकायंत्र नसेल तर सेन्सरलाच विचारा; एका बाजूने आउटपुट शून्यावर आलं नाही तर चुंबक उलटा करा.

माग पूर्ण बंद करून, मेन स्विच काढून, आणि कोणी चुकून चालू करणार नाही याची खात्री करूनच पुढचं काम करा. पट्टा आणि क्रँक यांच्याशी थट्टा नाही.

१० मिलिमीटर व्यासाचा निओडायमियम चुंबक क्रँकशाफ्टच्या चाकावर बसवा. आधी तेल-ग्रीस पुसा, पॉलिश पेपरने जागा खरवडा, मग दोन भागांचा इपॉक्सी लावून रात्रभर सुकू द्या. फेव्हिक्विक हादऱ्यांत तडकतं. चाक लोखंडी असलं तर चुंबक आपसूक चिकटतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. सेन्सर अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून मागाच्या सांगाड्याला नटबोल्टने आवळा. लोखंडी पट्टी क्षेत्र वळवते. चुंबक आणि सेन्सर यांच्यात ४-५ मिलिमीटर अंतर ठेवा. त्याहून जवळ नेलं तर शाफ्टच्या डोलण्याने एक दिवस ते एकमेकांना घासतील.

सेन्सरच्या पायांशीच पुरवठा आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. तार तीन पदरी, जाळीदार आवरणाची घ्या आणि जाळी फक्त नॅनोच्या बाजूला ग्राउंड करा. मोटारीच्या केबलला समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. नॅनोच्या पिनेजवळ १ किलोओहम मालिकेत आणि पिनेपासून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, की मोटार चालू होतानाचे काटे बऱ्यापैकी मरतात.

आता प्रोग्राम. चाकावर १० सेंटीमीटर त्रिज्येवर चुंबक असेल आणि मिनिटाला १२० फेरे होत असतील, तर चुंबक सेन्सरसमोर जेमतेम ८ मिलिसेकंद असतो. प्रोग्राममध्ये कुठेही 'डिले' टाकून आरामात पिन वाचत बसलात तर पिक निसटणारच. म्हणून आउटपुट नॅनोच्या डी२ किंवा डी३ पिनेला जोडा आणि सिग्नल खाली पडताना इंटरप्ट येईल, म्हणजे चिप हातातलं काम थांबवून आधी याकडे बघेल, असं लावा. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये दोनच कामं: मागच्या पिकापासून १५० मिलिसेकंद झालेत का बघायचं, आणि झाले असतील तरच आकडा एकने वाढवायचा. एका पिकाला ५०० मिलिसेकंद लागतात, तेव्हा १५० च्या आत आलेला सिग्नल खोटाच. डिस्प्लेवर छापणं वगैरे सगळं मुख्य लूपमध्ये.

यात दोन बारीक गोष्टी आहेत. काउंटरचा व्हेरिएबल 'व्होलटाइल' म्हणून जाहीर करा. आणि मुख्य लूपमध्ये तो वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून त्याची प्रत काढा. नॅनोची चिप ८ बिटांची आहे, ३२ बिटांचा आकडा ती चार घासांत वाचते. मधेच इंटरप्ट आला तर अर्धा जुना आणि अर्धा नवा आकडा हातात येतो. ही चूक दिवसातून क्वचित कधीतरी होते, म्हणून शोधायला महाकठीण.

वीज जाते तेव्हा आकडा टिकायला हवा. चिपमधली ईईप्रॉम (वीज गेली तरी आकडा जपणारी मेमरी) एका जागी साधारण एक लाख वेळा लिहिण्याइतकी खात्रीची असते. प्रत्येक पिकाला लिहिलंत तर दोन पाळ्यांत ती जागा संपली! दर ५०० पिकांना लिहिलं तर पाळीला ११५ वेळा, म्हणजे तीनशे पाळ्यांच्या हिशेबाने तीनेक वर्षं. दहा जागा आळीपाळीने वापरल्या तर चिंता मिटते. वीज गेल्यावर ४९९ पिकांपर्यंतचं नुकसान चालणार नसेल तर एफरॅमचं छोटं मॉड्यूल घ्या. त्यात हवं तितकं लिहा.

आणखी एक गोष्ट विणकराला विचारल्याशिवाय कळत नाही. धागा तुटला की तो माग हाताने उलटा फिरवून तुटलेला पिक शोधतो. एकच सेन्सर असेल तर उलटे फेरेही पुढचे म्हणून मोजले जातात, आणि पाळीच्या शेवटी हिशेब जुळत नाही. पिकांवर कोणाची मजुरी ठरत असेल तर हा फरक क्षुल्लक नाही. उपाय म्हणजे चाकाच्या परिघावर पहिल्या सेन्सरपासून तीसेक अंशांवर दुसरा ए३१४४. एकामागून दोन असा क्रम आला आणि मधलं अंतर छोटं असलं तर पुढचा फेरा, अधिक एक. दोनामागून एक आला तर उणे एक. चाक एका सेन्सरसमोरून जाऊन तिथूनच परत फिरलं तर काहीच मोजायचं नाही. प्रोग्राम थोडा वाढतो, पण काउंटरवर शेडमधल्यांचा विश्वास बसतो तो यानेच. हाताने फिरवताना वेग फार कमी असतो, म्हणून 'अंतर छोटं' हे मिलिसेकंदांत ठरवू नका, मागच्या पूर्ण फेऱ्याच्या वेळेशी ताडून ठरवा.

दाब: आधी हवेचा

बीएमपी२८० हवेचा दाब आणि तापमान मोजतो. जोडणी चार तारांची: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एससीएल, एसडीए. ईएसपी३२ वर एसडीए २१ ला आणि एससीएल २२ ला. आयटूसी (एससीएल-एसडीए या दोन तारांवरून बोलण्याची पद्धत) पत्ता हेक्स ७६ किंवा ७७; लायब्ररीला सेन्सर सापडत नसेल तर आधी पत्ता बदलून बघा. बीएमई२८० म्हणून विकलेली पाटी कधीकधी बीएमपी निघते. चिपची ओळख वाचा: हेक्स ५८ आलं तर बीएमपी, आर्द्रता विसरा, ६० आलं तर खरंच बीएमई.

सोलापुरात पहिल्यांदा लावणारे बहुतेकजण घाबरतात, कारण मोबाइलवर १००८ हेक्टोपास्कल आणि सेन्सरवर साडेनऊशेच्या वर काहीतरी. दोन्ही बरोबर आहेत. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडं उंच आहे, आणि एवढ्या उंचीवर दाब पन्नासेक हेक्टोपास्कलने कमी असतो. हवामानाची अॅप समुद्रसपाटीवर आणलेला आकडा दाखवतात.

दुसरी गंमत: काहीही हवामान न बदलता आलेख दिवसातून दोनदा वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास वर, दुपारी चार आणि पहाटे चारच्या आसपास खाली, दोन-तीन हेक्टोपास्कलचा हा झोका. उष्ण कटिबंधात तो चांगला दिसतो. दुपारी दाब पडला म्हणून पावसाचा इशारा देणारा प्रोग्राम लिहिलात तर तो रोज चार वाजता पाऊस सांगेल. तुलना करायची तर कालच्या याच वेळेच्या आकड्याशी करा.

टाकीची पातळी

पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज सोडून अंतर मोजणारे सेन्सर टाकीच्या झाकणाखाली बसवतात. उन्हात झाकणाखाली वाफ धरते, थेंब जमतात, आकडे उड्या मारतात. दाबाने मोजणं जास्त शांत असतं. तळापर्यंत नळी सोडायची, नळीतली हवा पाण्याच्या वजनाने दाबली जाते, आणि वर सेन्सर तो दाब वाचतो. १ मीटर पाणी म्हणजे ९.८ किलोपास्कल. पाणी सेन्सरला कधीच लागत नाही, त्यामुळे क्षारांचाही प्रश्न नाही.

यासाठी बीएमपी२८० नको. तो निर्वातापासूनचा दाब मोजतो, म्हणजे हवामानाचा झोका पाण्याच्या पातळीत मिसळेल; एक हेक्टोपास्कल म्हणजे एक सेंटीमीटर पाणी. हवेच्या तुलनेत मोजणारा सेन्सर हवा. एमपीएक्स५०१०डीपी हा ० ते १० किलोपास्कलचा. पुरवठा ५ व्होल्ट, शून्याला ०.२ व्होल्ट, पुढे दर किलोपास्कलला ४५० मिलिव्होल्ट. नॅनोच्या १० बिटांच्या वाचनात १ सेंटीमीटर पाण्याला ९ पायऱ्या मिळतात, घरासाठी भरपूर. टाकीत पाणी मीटरपेक्षा उंच चढत असेल तर हा वरच्या टोकाला अडकेल. तेव्हा ५० किलोपास्कलचा एमपीएक्स५०५० घ्या. त्यात सेंटीमीटरला जेमतेम दोन पायऱ्या, तरी चालतं. दोन्ही महाग आहेत. एचएक्स७१०बी चिप आणि ४० किलोपास्कलचा सेन्सर असलेली स्वस्त पाटी मिळते. ती बारीक मोजते, पण तापमानासोबत तिचा शून्य सरकतो. गच्चीवर उन्हात ठेवली तर ते सरकणं तुम्हाला रोज दिसेल, म्हणून ती जिन्याच्या सावलीत बसवा.

एमपीएक्सचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतं. सेन्सरला आणि नॅनोच्या संदर्भाला एकच ५ व्होल्ट दिले की पुरवठा थोडा हलला तरी चूक आपोआप कटते. बाहेरचा अचूक संदर्भ लावायला जाऊ नका, इथे तो उलटा त्रास देतो.

आता या जोडणीचा जीव असलेला भाग: नळीचं खालचं टोक. नुसती ३ मीटरची नळी सोडली आणि टाकीत मीटरभर पाणी भरलं, तर आतली हवा दाबली जाऊन पाणी नळीत वीस-बावीस सेंटीमीटर वर चढतं, आणि पातळी तेवढीच कमी दिसते. तेवढ्यावर थांबलं तर कॅलिब्रेशनने सांभाळता येईल. पण दुपारी ४५ अंशांवर तापलेली हवा रात्री २५ अंशांवर आली की तिचं आकारमान सहा टक्क्यांनी घटतं आणि पाणी आणखी चौदा-पंधरा सेंटीमीटर चढतं. रात्रीत कोणी पाणी चोरलं असं वाटेल.

उपाय स्वस्त आहे. २०० मिलिलिटरची, पाच-साडेपाच सेंटीमीटर रुंदीची खाण्याच्या दर्जाची प्लास्टिकची बाटली घ्या. बूड कापा, बूच वर ठेवा, बुचात भोक पाडून ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची मत्स्यटाकीची नळी घाला आणि सिलिकॉनने बंद करा. ही टोपी उघड्या तोंडाने तळाशी ठेवायची. आता तीच हवा दाबली गेली तरी पाणी टोपीत सेंटीमीटरभरच चढतं, कारण चढायला जागा रुंद आहे. रात्रीच्या गारव्याचा फरकही अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरवर येतो. टोपी तरंगू नये म्हणून तिला तीनशे ग्रॅमच्या वर स्टीलचं वजन बांधा. गंजणारं लोखंड पिण्याच्या टाकीत नको.

बसवण्याचा क्रम:

१. आधी गळती तपासा. नळी सेन्सरला जोडा, टोपी बादलीत बुडवा आणि दहा मिनिटं आकडा बघा. सतत उतरत असेल तर साबणाच्या पाण्याने सांधा शोधा.

२. सेन्सर टाकीच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षाही उंच बसवा. नळीत पाणी शिरलंच तरी सेन्सरपर्यंत पोचू नये. एमपीएक्सला दोन नळ्या असतात, एक दाबाची, दुसरी हवेत मोकळी. मोकळी खाली तोंड करून ठेवा, मुंगी शिरू नये म्हणून तोंडाशी कापसाचा सैल बोळा.

३. टाकी जवळपास रिकामी असताना टोपी सोडा, म्हणजे ती हवेने पूर्ण भरलेली असेल.

४. पाणी भरताना दोन खुणांवर आकडा टिपा, एक तळाजवळ आणि एक वर. काठीने मोजलेली उंची हीच खरी. दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढली की कॅलिब्रेशन झालं.

५. एकदम पन्नास वाचनं घेऊन सरासरी काढा. पाणी पडत असताना लाटांमुळे आकडा डोलतो. तेव्हा सरासरी लांबवा.

टोपीतली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि आकडा काही आठवड्यांत खाली सरकतो. ज्यांची टाकी पाणी येण्याआधी तळाला जातेच, त्यांच्या टोपीत दर वेळी नवी हवा भरते. टाकी कधीच रिकामी होत नसेल तर टी-सांध्यावर मत्स्यटाकीचा छोटा पंप बसवून दिवसातून एकदा काही सेकंद हवा सोडा, तळातून बुडबुडे आले की पुरे. पंप बंद झाल्यावर मिनिटभर थांबून मगच वाचा. पंपातून हवा उलटी गळू नये म्हणून मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच.

थोडक्यात उरलेले दोन

एमपीयू६०५० हा हादरे आणि कल मोजणारा. पत्ता हेक्स ६८. चालू केल्यावर तो झोपलेला असतो, रजिस्टर ६बी मध्ये शून्य लिहून जागा करावा लागतो. सगळी वाचनं शून्य येत असतील तर कारण हेच. मागाच्या बेअरिंगचे हादरे टिपायला चांगला, फक्त चांगल्या स्थितीतल्या मागाचे आकडे आधी नोंदवून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

होकायंत्राच्या पाटीवर एचएमसी५८८३एल छापलेलं असून आत क्यूएमसी५८८३एल निघणं नेहमीचं. पत्ता हेक्स १ई आला तर पहिली, ०डी आला तर दुसरी, आणि लायब्ररी त्याप्रमाणे. मोटार, स्पीकर, लोखंडी सळया असलेली स्लॅब यांच्या जवळ त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

रिले जोडण्याआधी

टाकीच्या आकड्यावर पाण्याची मोटार आपोआप चालवायची असेल तर रिले थेट मोटारीला लावू नका. मोटार सुरू होतानाचा प्रवाह छोट्या निळ्या रिलेचे काँटॅक्ट चिकटवतो, आणि मग 'बंद' सांगूनही मोटार चालूच. रिलेने काँटॅक्टर (मोटारीचा प्रवाह झेलणारा मोठा स्विच) चालवा, काँटॅक्टरने मोटार, आणि २३० व्होल्टची ही जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. काँटॅक्टरच्या कॉइलच्या मालिकेत टाकीतला साधा फ्लोट स्विच टाका. नळी निसटली, नॅनो अडकला, टोपी उलटली, काहीही झालं तरी टाकी भरल्यावर फ्लोट मोटार तोडतो. खालच्या हौदातही असाच एक उलट्या जोडणीचा फ्लोट असू द्या, हौद कोरडा पडला की मोटार सुकी चालणार नाही. प्रोग्राममध्येही कमाल वेळ घाला: तुमची टाकी भरायला चाळीस मिनिटं लागत असतील तर पन्नासाव्या मिनिटाला मोटार बंद, आकडा काहीही दाखवो.